गांडुळाचे श्रम आणि माणसाचे

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी मराठीत म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने उकिरडा केवळ दुरून पाहिला नव्हता. त्याच्या पोटात दडलेले परिवर्तनाचे सामर्थ्यही ओळखले होते. चुलीतील राख, गोठ्यातील केर, सडका पाला आणि घराघरांतील खरकटे ह्यांचा तो ढीग. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवावी, नाकाला पदर लावून त्याच्या अंगावरून जावे, आणि काही काळाने त्याच ढिगातून शेताला काळेभोर, मऊ, सुगंधी खत मिळावे, हेच त्याचे दैव पालटणे होय. परंतु ह्या म्हणीत एका माणसाचा उल्लेख राहून गेला आहे. उकिरड्यापर्यंत घाण वाहून नेणारा, ती उपसणारा, वरखाली करणारा आणि अखेर पाट्या भरून शेतावर टाकणारा जो माणूस, त्याची दैना किती वर्षांनी फिटते, ह्याविषयी म्हण काही सांगत नाही.

इतिहासानेही ह्या बाबतीत दीर्घकाळ मौनच पाळले. स्वाऱ्या, तह आणि वंशावळी ह्यांची नोंद बखरींनी ठेवली. नगरातील मैला रोज पहाटे कोठे गेला, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नाही. तथापि गेल्या सव्वातीनशे वर्षांत काही जिज्ञासू माणसे ह्या उपेक्षित विषयाकडे वळली. त्यांत एक इटालियन वैद्य होता, एक इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ होता, आणि इंदूरच्या काळ्या जमिनीत खत मुरवणारे संशोधकही होते. ह्या सर्वांचे शोध एकापुढे एक ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. टाकाऊ पदार्थाचे खत आपोआप होत नाही. ते कोणाच्या तरी श्रमाने होते. ते श्रम कोणाच्या शरीरावर पडावेत, हाच ह्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

ह्या कथेचा आरंभ इटलीतील मोदेना नगरात होतो. बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३–१७१४) हा तेथे वैद्यकाचा अध्यापक होता. दाट वस्तीच्या त्या नगरात घराघरांखाली मैल्याचे खड्डे असत आणि काही वर्षांच्या अंतराने ते माणसांकडून उपसून घ्यावे लागत. एकदा रामाझिनीच्या स्वतःच्या घरी असे काम चालले असता, खड्ड्यातील कामगार जिवाच्या आकांताने घाई करीत आहे, असे त्याच्या दृष्टीस पडले. एवढी घाई कशासाठी, असे विचारताच त्या माणसाने डोळे वर केले आणि सांगितले की, ह्या जागी चार तासांहून अधिक राहिले तर दृष्टी जाते. वैद्याने त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि निस्तेज झाले होते. असे कामगार घरी गेल्यावर अंधाऱ्या खोलीत स्वतःस कोंडून घेत आणि कोमट पाण्याने वारंवार डोळे धूत, एवढाच त्यांचा उपचार. ह्याच धंद्यातील कित्येक माणसे अंध किंवा अर्धवट अंध होऊन नगरात भीक मागताना रामाझिनीने पाहिली. त्यांच्या खिशातील तांब्यारुप्याची नाणीही त्या वायूने काळी पडत, अशीही नोंद त्याने केली. हायड्रोजन सल्फाइड नावाच्या ज्या वायूने धातू काळवंडतो आणि डोळ्यांची आग होते, तोच वायू बंदिस्त खड्ड्यात साचला म्हणजे क्षणार्धात प्राण घेतो, हे रसायनशास्त्राला पुढे कळले. रामाझिनीला त्याचे नाव ठाऊक नव्हते. त्याचा परिणाम मात्र त्याने माणसाच्या मुखावर वाचला होता.

त्या कामगाराच्या उत्तराने वैद्याच्या मनात एक नवी जिज्ञासा जागी झाली. तो कुंभारांच्या, लोहारांच्या, आरसे करणाऱ्यांच्या आणि विणकरांच्या कामाच्या जागी हिंडू लागला. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोग्याची नाडी पाहण्यापूर्वी त्याचा धंदा कोणता हे विचारावे, असा आग्रह वैद्यांपुढे धरला. कामगारांच्या व्याधींची दोन मुख्य कारणे त्याने सांगितली. एक, हाताळल्या जाणाऱ्या पदार्थांतील विषारीपणा. आणि दुसरे, शरीराला अनैसर्गिक रीतीने वाकवणाऱ्या, पिळवटणाऱ्या हालचाली व आसने. मोटारीखाली उताणा पडून पाने फिरवणारा यांत्रिक कामगार, ओले गवत दाताळ्याने उलटणारा शेतमजूर आणि डोक्यावर पाटी घेऊन चालणारी सफाई कामगार स्त्री ह्या तिघांच्याही कंबरेचे, खांद्यांचे व गुडघ्यांचे दुखणे ह्या दुसऱ्या कारणात येते. सफाई करणाऱ्यांना पहिल्याही कारणापासून सुटका नाही. त्यांच्या वाट्याला दोन्ही येतात.

रामाझिनीनंतर पावणेदोनशे वर्षांनी ह्या कथेत एक अनपेक्षित श्रमिक प्रवेश करतो. त्याला हात नाहीत, डोळे नाहीत आणि कानही नाहीत. तो म्हणजे गांडूळ. कोकणात आणि देशावर त्याला काडू, दानवे अशी निरनिराळी नावे आहेत. पावसाळ्यात अंगणात वळवळणाऱ्या ह्या जीवाकडे सामान्य माणूस किळसेने पाहतो. चार्ल्स डार्विन मात्र त्याच्याकडे सुमारे चव्वेचाळीस वर्षे कौतुकाने पाहत राहिला. १८३७ साली त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र परिषदेपुढे गांडुळांवरील आपला पहिला निबंध वाचला, आणि १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या केवळ सहा महिने आधी, गांडुळांच्या क्रियेने घडणाऱ्या सुपीक मातीवरील त्याचे शेवटचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

डार्विनच्या प्रयोगांची रीत साधी, परंतु चिकाटीची होती. १८४२ च्या डिसेंबरात त्याने आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरले आणि एकोणतीस वर्षे वाट पाहिली. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर तेथे चर खणला तेव्हा खडूची ती पांढरी रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. खडू खाली बुडाला नव्हता; गांडुळांनी खालची माती पोटातून वर आणून विष्ठेच्या रूपाने त्याच्यावर अंथरली होती. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एका एकरातील दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्याने मांडला. त्यांना ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी कुंड्यांपुढे शिटी फुंकली गेली, पियानो वाजवला गेला, मुलाने बासून नावाचे वाद्यही वाजवून पाहिले. गांडुळांनी त्याची दखल घेतली नाही. परंतु कुंड्या पियानोवरच ठेवून सूर छेडताच ती झटकन बिळात शिरली. ध्वनी नव्हे, कंप त्यांना कळत होता. नांगर हे माणसाच्या अत्यंत प्राचीन आणि मोलाच्या शोधांपैकी एक खरे. परंतु माणसाच्या कितीतरी आधीपासून गांडुळे जमीन नांगरीत आली आहेत, हा त्या पुस्तकाचा निष्कर्ष होता.

निसर्गातील हे श्रम विनावेतन आणि विनाबोभाट चालत होते. माणसाच्या शेतीत मात्र त्याच काळात उलटा प्रवाह सुरू झाला होता. युरोपात रासायनिक खतांची पोती शेतावर येऊ लागली होती. हिंदुस्थानातील शेतकऱ्याला ती परवडत नव्हती. आणि जे शेण शेताला जावयाचे ते सरपणाच्या तुटवड्यामुळे गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होते. शेण थोडे, काडीकचरा उदंड, आणि भूक लागलेली जमीन, ह्या त्रिविध अडचणीतून मार्ग काढण्याचे काम इंदुरात झाले.

आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला व बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत काम करू लागला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि पुढची पंचवीस वर्षे त्या दोघांचे संशोधन जोडीनेच चालले. पुस्तकी विद्वत्तेपेक्षा येथील शेतकऱ्याची रीत आणि पिकावरील कीड ह्या दोघांनाच आपण गुरू मानले, असे हॉवर्ड पुढे सांगत असे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थाने ह्यांच्या साहाय्याने, इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. संस्थेच्या रसायन विभागात यशवंत वाड हे त्याचे प्रमुख सहकारी होते. १९३१ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. ‘इंदूर पद्धत’ हे नाव पुढे जगभर गेले. त्यातील दुसरे नाव मात्र मराठी वाचकांनाही फारसे परिचित राहिले नाही.

ही पद्धत काय होती? तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा. त्यात पऱ्हाट्या, तुरकाठ्या, तण, उसाची पाचटे, पालापाचोळा असा सर्व प्रकारचा वनस्पतिजन्य कचरा थरांनी घालावयाचा. कठीण काड्या प्रथम गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चेचून घ्यावयाच्या. गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती, थोडे शेण आणि लाकडाची राख पाण्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपावयाची. हवा आणि ओल ह्यांचा मेळ बसला की सूक्ष्म जंतू कामाला लागतात, ढीग आतून तापतो, तणांचे बी व रोगकारक जंतू त्या उष्णतेत मरतात. सुमारे सोळा दिवसांनी ढीग प्रथम उलटावयाचा, महिन्याने पुन्हा, आणि दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तीन महिन्यांत खत तयार. म्हणीतील बारा वर्षांची मुदत इंदूरने नव्वद दिवसांवर आणली.

ह्या यशाच्या वर्णनात ‘उलटावयाचा’ हे क्रियापद सहज लिहिले जाते. ते करणाऱ्याच्या दृष्टीने तसे नाही. आठशे घनफुटांहून मोठा, ओला, जड आणि आतून वाफाळणारा ढीग काट्या-फावड्यांनी तीनदा वरखाली करणे म्हणजे कंबरेचे हाडन्हाड मोजून घेणे होय. ही गोष्ट इंदूरच्या संस्थेने दृष्टिआड केली नाही, हे तिच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण आहे. शहरात कापडगिरण्या होत्या. चांगला मजूर तिकडे जाई. म्हणून संस्थेने आपल्या मजुरांना वेळेवर व पूर्ण वेतन, मर्यादित तास, कामात नियमित विश्रांती, राहण्यास बरी घरे आणि वैद्यकीय देखभाल देण्याचे धोरण ठेवले. मजूर समाधानी असेल तरच प्रयोग नीट होतो, हा विचार त्या काळच्या शेतीसंशोधनात विरळा होता. जमिनीला जे द्यावे लागते ते तिच्यावर राबणाऱ्या देहालाही द्यावे लागते, हे तत्त्व त्या व्यवहारात होते.

परंतु इंदूर पद्धत शेतावरून शहरात आली तेव्हा तिच्यापुढे अधिक कठीण प्रश्न उभा राहिला. गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारल्या आणि पुढच्या वर्षी हॉवर्डने हिंदुस्थान सोडले. त्यानंतर संस्थेतील जॅक्सन आणि वाड ह्यांनी वस्तीतील केरकचरा आणि मैला ह्यांचे इंदूर पद्धतीने आरोग्यदायी खत कसे करता येईल ह्याचे प्रयोग इंदूर शहर आणि रेसिडेन्सी अशा ठिकाणी केले. १९३४ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शास्त्रीय दृष्ट्या प्रयोग सफल होता. योग्य उष्णतेत ढिगातील माश्या व रोगजंतू मरत आणि दुर्गंधीही नाहीशी होई. पण मैला खड्ड्यापर्यंत आणणार कोण? हिंदुस्थानात ह्याचे उत्तर शास्त्राने नव्हे, जातीने देऊन ठेवले होते. मोदेनातील कामगाराने तो धंदा निदान पोटासाठी पत्करला होता. येथे तो जन्मानेच कपाळी लिहिला जात होता.

ह्या अन्यायाची जाणीव त्याच सुमारास रत्नागिरीच्या तुरुंगात प्रकट झाली. कोकणातील कार्यकर्ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) ह्यांनी १९३२ साली बंदिवासात मैलासफाईचे काम आपणास मिळावे अशी मागणी केली. ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांचेच, अशी तुरुंगाची रीत असल्याने मागणी नाकारली गेली, आणि अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभिला, तेव्हा सरकारला हालचाल करावी लागली. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून अप्पासाहेबांनी मैल्याचे सोनखत जागच्या जागीच व्हावे आणि कोणालाही तो हाताने उचलावा लागू नये, अशा रचनेच्या संडासांवर परिश्रम केले. गांधीजी १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता वनस्पती उद्योग संस्थेतील खताचे खड्डे त्यांनी पाहिले आणि त्याच वर्षी ‘हरिजन’ पत्रातून त्या पद्धतीची माहिती वाचकांपर्यंत पोहोचवली.

तथापि सफाईच्या श्रमाला पुण्यकर्म म्हणून गौरवावे, म्हणजे त्यातील अन्याय दूर होतो काय, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निर्भीडपणे विचारला. १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ह्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली. कारण ज्याला तो धंदा सोडता येत नाही, त्याच्यापुढे त्याच धंद्याचे गोडवे गाणे हे सांत्वन नसून बंधन ठरते. ह्या आक्षेपातील सत्य खताच्या प्रत्येक पुरस्कर्त्याने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. सोनखत या शब्दातील सोने शेताला मिळाले. ते वाहणाऱ्याच्या पदरात पडले नाही.

स्वातंत्र्यापूर्वी आणि नंतर ह्या दिशेने पावले पडत राहिली, पण ती मंद होती. १९३९ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य ह्यांनी अशी पद्धत सिद्ध केली की, खड्ड्यात कचरा आणि मैला ह्यांचे थर देऊन तो मातीने लिंपून टाकावा आणि पुन्हा उलटू नये. खत तयार होण्यास अधिक महिने लागत, परंतु उलटण्याचे श्रम वाचत आणि कच्च्या घाणीशी येणारा संबंधही कमी होई. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. १९५७ साली नेमलेल्या मलकानी समितीने १९६० च्या अहवालात डोक्यावरून मैला वाहण्याची रीत बंद करण्याचा आग्रह धरला. पाटीऐवजी हातगाडी द्यावी, एवढीशी सुधारणाही समित्यांना पुनःपुन्हा सुचवावी लागावी, ह्यावरून त्या काळच्या नगरपालिकांची कार्यतत्परता कळते. हाताने मैला वाहण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९३ साली झाला आणि त्याहून व्यापक कायदा २०१३ साली. गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत १९९३ पासून मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, आणि २०२३ साली अशा मृत्यूंसाठी ती रक्कम तीस लाख केली. रामाझिनीने १७०० साली वर्णिलेला वायू एकविसाव्या शतकातही माणसांचे बळी घेत होता, ह्याची ही न्यायालयीन साक्ष होय.

ह्या पार्श्वभूमीवर गांडुळाचे पुनरागमन पाहिले पाहिजे. विलायतेस परतलेल्या हॉवर्डने १९४५ साली डार्विनच्या गांडुळांवरील पुस्तकाच्या नव्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली, आणि अशा रीतीने इंदूरचा उकिरडा व डार्विनचे शेत एका पुस्तकात भेटले. पण गांडुळाला शेतातून घरात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या कालामाझू गावातील मेरी अ‍ॅपलहॉफ ह्या जीवशास्त्राच्या शिक्षिकेकडे जाते. तेथील हिवाळ्यात अंगणातील ढीग गोठून जातो. म्हणून १९७२ साली तिने टपालाने गांडुळे मागवली, तळघरात पेटीत ठेवली आणि स्वयंपाकघरातील भाजीपाल्याचे देठ त्यांना खाऊ घातले. १९८२ साली तिने त्यावर लिहिलेले पुस्तक घरोघरी गेले. भारतात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात राधा काळे, चेन्नईत सुलतान अहमद इस्माईल आणि पुण्यात भवाळकर गांडूळ संशोधन संस्था ह्यांनी येथील हवामानाला व येथील कचऱ्याला अनुरूप असे अभ्यास केले.

सर्वच गांडुळे ह्या कामाला उपयोगी नसतात. खोल बिळे करणारी, माती खाणारी जात पेटीत जगत नाही. पृष्ठभागाजवळ कुजत्या पाल्यावर राहणारी गांडुळे त्यासाठी लागतात. आयसेनिया फेटिडा ही तांबूस पट्ट्यांची जात, मूळची आफ्रिकेतील युड्रिलस, आणि आपल्या देशातील पेरिओनिक्स ह्या त्यांतील प्रसिद्ध जाती. गांडुळाला दात नसतात. गिळलेला घास त्याच्या पेषणीत रेतीच्या कणांबरोबर भरडला जातो, आतड्यातील जंतू त्यावर क्रिया करतात, आणि बाहेर पडते ती चहाच्या भुकटीसारखी रवाळ, मातीचा वास असलेली विष्ठा. गांडूळ त्वचेने श्वास घेते. म्हणून त्याच्या पेटीत ओल हवी, पण पाणी तुंबता कामा नये. अंधार हवा, पण हवाही खेळती हवी. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळला पाला व अर्धवट मुरलेले शेण, वर थोडा थोडा भाजीचा कचरा आणि सर्वांवर ओले गोणपाट, एवढी व्यवस्था पुरते. मीठ, तेल, लिंबाच्या साली आणि मसालेदार उष्टे त्याला मानवत नाही. ताज्या कचऱ्याचा मोठा ढीग एकदम घातला तर तो इंदूरच्या खड्ड्याप्रमाणे तापतो आणि गांडुळे मरतात. म्हणून आधी कचरा काही दिवस मुरू द्यावा लागतो. मुंग्यांपासून संरक्षण म्हणून पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे, ही तर दुधाच्या कपाटाची जुनी घरगुती युक्तीच.

ह्या वर्णनात फावडे कोठेही नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ढीग वरखाली करणे, त्यात हवा खेळवणे, तुकडे बारीक करणे, ही सारी कामे तो मूक जीव करतो. इंदूरच्या मजुराला जे तीनदा करावे लागे, ते गांडूळ अहोरात्र करते. शिवाय ते घाण दाराबाहेर जाऊच देत नाही. कचरा जेथे निर्माण झाला तेथेच त्याचे खत झाले, म्हणजे तो वाहणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे नुसते हलके होत नाही. तेवढ्यापुरते ते उरतच नाही.

परंतु एक काम गांडुळाला करता येत नाही. देठ आणि दाढीचे पाते, साल आणि फुटकी काच, पाला आणि प्लॅस्टिक ह्यांतील भेद त्याला कचऱ्यातून निवडून देता येत नाही. ते काम माणसाचे आहे, आणि ते घरात केले तर क्षणभराचे असते. तेच घरात केले नाही, तर कोणी दुसरा माणूस उन्हात, वाकून, उघड्या हातांनी ते तासन्‌तास करतो. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातले, त्यामागील मर्म हेच होते. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना संघटित केले, तेव्हा त्यांचे काम भीक नसून नगराची सेवा आहे, हे नगराने मान्य करावे, ही तिची मूलभूत मागणी होती. २००८ साली त्याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. रस्त्यावरच्या ढिगात वाकण्याऐवजी दारात वेगळा करून दिलेला कचरा घेणे, ह्या एका फरकात पाठीचे, हातांचे आणि मानाचेही रक्षण होते.

इंदूर नगराने २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळवला. घरातच वेगळा केलेला कचरा गाडीत वेगळाच घेणे, हा त्या यशाचा पाया होता. ज्या नगरात हॉवर्ड आणि वाड ह्यांनी नव्वद दिवसांचा खड्डा सिद्ध केला, त्याच नगरात हे घडावे हा योगायोग असेलही. परंतु त्यातील शिकवण योगायोगाची नाही. शास्त्राने खताचा काळ बारा वर्षांवरून तीन महिन्यांवर आणला आणि गांडुळाने फावड्याचे कष्ट वाचवले. उरलेला भाग मात्र कोणत्याही प्रयोगशाळेच्या हाती नाही. स्वयंपाकघरातील ओट्यावर देठ एका बाजूस आणि काच दुसऱ्या बाजूस ठेवणाऱ्या हाताच्या तो स्वाधीन आहे. मोदेनातील त्या कामगाराने खड्ड्यातून डोळे वर करून जे सांगितले, ते ऐकणारा एक वैद्य त्या दिवशी वर उभा होता. आजही खाली वाकलेली माणसे आहेत. त्यांच्या वाट्याला किती ओझे जावे, हे त्यांनी नव्हे, वर उभ्या असलेल्यांनीच ठरवावयाचे आहे.